भाकरीच्या उकडीत घेतलेलं माप

एकदा मी मोटारसायकलच्या बोल्टचं माप तांदळाच्या उकडीत घेतलं, आणि ती उकड डब्यात घालून पासलीहून भोरला गेले. आता आठवलं की हसू येतं, पण हसण्याचाही शीण व्हावा अशा वयाला मी पोचले आहे. तेव्हाची मी मात्र स्वतःला फार हुशार समजत होते. तिच्याबद्दल फारसं चांगलं काही लिहिणार नाही. समोर असती तर तिनेही माझं ऐकून घेतलं नसतंच.

त्या वर्षी ह्यांची कंबर धरली आणि हे अंथरुणाला खिळले. दूध डेअरीच्या टेम्पोपर्यंत पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डोक्यावर किटली घेऊन मान मोडण्यापेक्षा बरं, म्हणून मी ह्यांची गाडी चालवायला शिकले. दोनदा भातखाचरात गेले, तिसऱ्यांदा रस्त्यावर राहिले. मग काय, पदर खोचून, मागे किटल्या बांधून, मी म्हणजे तालुक्याची मालकीणच!

पण त्या गाडीवर धाकट्या दिराचा डोळा होता. तो वेल्ह्यात राहून वरव्याला कंपनीत जायचा. तेवढ्यात इंजिन खडखड करायला लागलं. हे म्हणाले, ऑइल पार काळं झालंय, बदलल्याशिवाय गाडी चालू करू नको. सासूबाईंना तेवढंच हवं होतं.

"चालवनं येगळं आन् सांभाळनं येगळं," त्या म्हणाल्या. "तुझं तू ऑइल बदल. मेस्त्री न्हाई, कुनाला इचारनं न्हाई. जमलं तर गाडी तुझी. न्हाईतर रविवारी धाकला येऊन घिऊन जाईल."

"व्हय, बदलते की," मी म्हणाले. त्यात काय मोठं!

नव्या ऑइलचा डबा ह्यांनी आधीच आणून ठेवला होता. इंजिनच्या पोटाखालचा बोल्ट काढला की जुनं ऑइल खाली येतं, हे मी ह्यांना करताना पाहिलं होतं. पण काढायचा कशाने? सीटखालच्या पिशवीत पक्कड आणि गंजका स्क्रू ड्रायव्हर, बस. ती पक्कड त्या बोल्टवर नुसती घसरायची.

"एक रिंग पाना होता की गं," हे पडल्या पडल्या म्हणाले. "कुठं गेला कुनास ठावं."

"तुमाला एक वस्तू जागेवर ठेवता येती का?" असं म्हणून मी जी सुरुवात केली, ती जेवणं होईपर्यंत थांबले नाही. बिचारे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पान्याला नंबर असतो हेच मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तर नव्हतंच. भाकरीसाठी उकड मळलेली होती. त्यातला एक गोळा घेतला, गाडीखाली आडवी झाले आणि बोल्टवर दाबला. अगदी सुबक ठसा उठला. बांगडीला हाताचं माप देतात, तसं हे पान्याला माप. वेल्ह्याचा गॅरेजवाला दिराचा वर्गमित्र, आणि नसरापूर दिराच्या वाटेवर. म्हणून दोन्हीकडची दुकानं टाळून मी भोर गाठलं. नसरापूरला एसटी बदलली, पुढे उभ्याने गेले, मांडीवर ठेवायचा डबा छातीशी धरून.

दुकानदाराने डबा उघडला. "मावशी, भाकरी थापायची ऱ्हायली जनू?"

"भाकरी न्हाई, माप हाये."

"गाडी कोनती?"

"गाडीचं काय करायचंय? तुमी मापाचं बघा."

तो माणूस भला होता. हसू दाबत त्याने त्या भोकात एकेक बोल्ट घालून पाहिला आणि जो बसला त्याचा पाना दिला. पण एवढ्या प्रवासात उकड सुकून, भेगाळून आक्रसली होती, हे आमच्या शहाणीच्या ध्यानात आलं नाही. रोज भाकरी करणारी बाई मी! घरी येऊन बघते तर पाना बोल्टवर चढेच ना. वरवंट्याने ठोकला. पाना चढला नाही, माझी बोटं मात्र सोलली. सासूबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. माझ्या बोटांकडे बघितलं आणि पुढची पाकळी घेतली. ते मला जास्त लागलं.

शनिवारी दूध पायीच घातलं आणि पुन्हा भोर. या खेपेला मुकाट्याने गाडीचं नाव सांगितलं.

"आधीच सांगायचं की, मावशी! तिला सतरा नंबर लागतो," दुकानदार म्हणाला. "पन सतराच संपलाय बघा. बुधवारी माल येनार."

दुसरं दुकान बंद होतं. परतीच्या एसटीत जागा मिळाली, पण बसण्याचाही कंटाळा आला होता. गाडी गेली असं मी मनात धरूनच टाकलं. उद्या दीर येणार, किक मारणार, आणि परवापासून पुन्हा डोक्यावर किटली. उतरून चालत निघाले, पण घरी जायला पाय उचलेना. आमच्या खाचराच्या बांधावर बसले, चपला काढल्या.

वारा आला तसा शेतातला डबा वाजला. टण् टण्. भात पोटरीला आलं की रानडुकरं आवाजाने पळावीत म्हणून आम्ही काठीला पत्र्याचा डबा टांगतो, आत लोखंडाचा एखादा तुकडा. मी तशीच बघत बसले. मग उठले, डब्यात हात घातला. माझ्याच जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेला रिंग पाना. गंज पुसला तर सतरा. तो मीच बांधला होता, मागच्या हंगामात, ह्यांना न विचारता.

घरी गेले ती थेट गाडीखाली. बोल्ट एका हिसक्यात सैल झाला. घमेल्यात काजळासारखं ऑइल पडत राहिलं आणि मी तिथेच जमिनीवर पडून ते बघत राहिले. उठायचं त्राण नव्हतं. नवं ऑइल भरलं, किक मारली. खडखड थांबली होती. आतून हे ओरडले, "कुठं घावला गं पाना?" मी मूठ पिळून गाडीचा आवाज वाढवला.

सासूबाई जवळ आल्या. पाना हातात घेतला, त्याला लोंबणारा लुगड्याचा काठ बोटाने उलटसुलट करून पाहिला, शेताकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "गाडी तुझी गं बाय, माझा शब्द हाये. पर आता डबा वाजायचा न्हाई, तवा डुकरं हाकलाया बांधावर तूच जाऊन बस."