दोन डाव्या बाह्या

डोळा मास्तर जळत होता, आणि तेही पालेभाजीवर. हसू नका. माणूस दुसऱ्याच्या घरावर जळतो, बढतीवर जळतो, हे आपल्याला पटतं. पण दुपारच्या डब्यातल्या हिरव्या पाल्याकडे बघून ज्याच्या पोटात दुखायचं, असा हा एकच.

कोट शिवणाऱ्या त्या दुकानात कापणारे दोघे. दोघंही पन्नाशी ओलांडलेले, तीस वर्षं एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना उभे. एक हा. गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेपला हात न लावता छाती, कंबर, खांद्याचा उतार सांगायचा. तेच गिऱ्हाईक चार वर्षांनी आलं की तोंडावर म्हणायचा, "पोट सुटलंय हो, दीड इंच." म्हणून डोळा मास्तर. दुसरा वहीवाला. तो सगळं लिहून ठेवायचा, अगदी डावा खांदा पाव इंच खाली आहे हेसुद्धा. हे टोपणनाव डोळा मास्तरानेच ठेवलं होतं, आणि ठेवताना पोट धरधरून हसला होता. "अरे, मापं डोक्यात ठेवतात, खिशात नाही!"

मग वहीवाल्याचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं आणि त्याचा डबाच पालटला. पालेभाजी, उकडलेली कडधान्यं, आठवड्यातून दोनदा मासे, एखादं फळ, आणि कागदाच्या पुडीत मूठभर अक्रोड. तळण बंद. चहात साखर नाही. डोळा मास्तराने आठवडाभर मनसोक्त टिंगल केली. "काय रे, आज कुठल्या कुरणात?" वहीवाला नुसता हसायचा आणि चावत राहायचा.

वर्ष सरलं आणि टिंगल घशातच अडकली. वहीवाल्याचा पट्टा दोन भोकं आत गेला. जेवण झालं की तो ताठ उभा राहून सरळ कात्री चालवायला लागायचा. आणि आपले मास्तर? तळलेले बटाट्याचे काप, क्रीमची बिस्किटं, वर चार चमचे साखरेचा चहा. तीन वाजता टेबलावर कपाळ टेकायची वेळ यायची. घरी बायको, "अहो, त्यांच्याकडे बघा जरा. तुमच्याच वयाचे ना?" हे "जरा" त्याला असं झोंबायचं की तो मुद्दाम आणखी एक बिस्किट उचलायचा. असा हा बहाद्दर.

त्याहून वाईट गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. मापं निसटायला लागली होती. परवा एक जुनं गिऱ्हाईक समोर उभं आणि छातीचा आकडा आठवेना. एखाद्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवावं असं मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. लिहायचं? वहीवाल्यासारखं?

त्यातच दुकानाच्या मालकीणबाईंनी जाहीर केलं की येत्या सोमवारपासून खिडकीजवळचं कोटांचं कटिंग एकाच्याच हाती राहील, दुसऱ्याने आतल्या खोलीत दुरुस्त्या बघायच्या. आतली खोली! तिथे गुंड्या लावायच्या, विजारी आखूड करायच्या. तीस वर्षं खिडकीच्या उजेडात कापड कापलेल्या माणसाला हे म्हणजे जिवंतपणी घडी घालून कपाटात ठेवल्यासारखं होतं. टेबल त्या पालाखाऊकडे जाणार, या विचाराने त्याचा जीव नुसता जळत राहिला.

आणि नेमका त्याच आठवड्यात एका बँडमास्तरांचा चौकडीचा कोट शिवायला आला. चौकडीचं कापड दुमडून कापत नाहीत. रेघा जुळाव्यात म्हणून एकेरी पसरतात, एक बाही कापली की कागदी फर्मा उलटा करून दुसरी कापायची. शिकाऊ पोरालासुद्धा ठाऊक असतं. दुपारचे तीन वाजले होते, डोळे जड झाले होते. मास्तराने फर्मा उचलला, सरकवला, आणि कात्री चालवली. उलटा करायचं राहिलं.

दोन्ही बाह्या डाव्या.

तसंच कापड बाजारात पुन्हा मिळणार नव्हतं. तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून वहीवाला आला, बाह्यांकडे पाहिलं, मास्तराकडे पाहिलं, आणि उरलेले तुकडे चाळायला लागला. संध्याकाळपर्यंत त्याने चौकडी रेघेला रेघ जुळवून उजवी बाही उभी केली. जोड काखेखाली असा दडवला की शोधून सापडू नये. मालकीणबाईंना एक अक्षर सांगितलं नाही.

सांगितलं असतं तर परवडलं असतं! निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. चांगलंही यानेच वागायचं?

दुसऱ्या दिवशी वहीवाला गिऱ्हाईकाच्या अंगावर कोट घालून बघायला गेला, आणि मास्तराने त्याचा डबा उघडला. काय असतं यात, एकदा कळू दे तरी. पालेभाजीचा एक घास घेतला. बरी होती, याचाच राग आला. मग अक्रोड. एक, दोन, तीन. चौथा तोंडात असताना मागून आवाज आला.

"सावकाश. पाणी देऊ?"

मास्तराला ठसका लागला. वहीवाल्याने खरंच पाणी दिलं आणि स्टूल ओढून बसला.

"कसली जादू घातलीस रे यात?" मास्तर फणकारला. "वर्षभर बघतोय. तू तरतरीत आणि मी असा. जळतोय मी तुझ्यावर. झालं समाधान?"

"जादूबिदू काही नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाला जे मानवतं तेच मेंदूलाही मानवतं. हमी कसलीच नाही, पण आपल्या वयात सुरू केलं तर उशीर झालेला नाही. तू आधी रक्तदाब तपासून घे." वहीवाल्याने खिशातली वही काढून टेबलावर टाकली. "आणि जळण्याचं मला सांगू नकोस. हे ओझं मी तीस वर्षं खिशात वागवतोय. माझ्या डोक्यात एक माप राहत नाही. तू नुसता बघायचास आणि सांगायचास, मी घरी जाऊन तडफडायचो. तुझं डोकं मला मिळालं असतं ना... आणि तू त्याला रोज तळणात बुडवतोस. बघवत नाही रे."

डोळा मास्तर त्या वहीकडे बघत राहिला. आपल्यावर कोणी जळत असेल, आणि तेही तीस वर्षं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने हातातला पाचवा अक्रोड पुडीत परत ठेवला. मग उठून तडक मालकीणबाईंच्या टेबलापाशी गेला.

"बाह्या मी बिघडवल्या. वहीवाल्याने सावरल्या. कटिंग त्याला द्या." आणि दारातून वळून म्हणाला, "आत्तापुरतं."

घरी आल्यावर त्याने बायकोला तळण बंद करायला सांगितलं. तिने हळूच त्याच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते पाहिलं.

सोमवारी आतल्या खोलीत, विजारींच्या ढिगाशेजारी, दोन डबे उघडले गेले. वहीवाला खिडकी सोडून स्वतःचा डबा घेऊन आत बसायला आला होता. अक्रोड दोघांसाठी त्यानेच आणले होते, दोन पुड्यांत. डोळा मास्तराने दोन्ही पुड्यांवरून एकदाच नजर फिरवली, हात न लावता.

"तुझ्या पुडीत एक जास्त आहे," तो म्हणाला. "इकडे आण."

वहीवाल्याने मोजून पाहिलं. खरंच एक जास्त होता.