आधी अण्णाला विचारा

रामनगरच्या किराणा दुकानदाराची रेश्मा धारवाडहून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन आली, तेव्हा बापाने गल्लीभर पेढे वाटले आणि आईने विचारलं, "पुस्तकांवरची धूळ झाडायलाबी आता डिग्री लागती व्हय?" रेश्मा नुसती हसली. आईचं बोलणं सोसायची तिला सवय होती. तिला सोसायचं नाही ते दुसऱ्याचं कौतुक. शाळेत शेजारच्या मुलीच्या वहीवर बाईंनी 'छान' लिहिलं, तर त्या रात्री हिला भाकरी गोड लागत नसे. पुढे ती मोठी झाली, शहाणी झाली, पण हा खडा काही डाळीतून निघाला नाही.

जोयडा तालुक्यातल्या एका लहानशा ग्रंथालयात तिला नोकरी लागली. रस्त्याच्या अलीकडे ग्रंथालय, पलीकडे बसथांबा आणि गुणाचं चहाचं हॉटेल. आत कपाटं कोंबलेली, अर्धी पुस्तकं मराठी, अर्धी कन्नड, आणि कुठलं पुस्तक कुठे आहे हे फक्त एका माणसाच्या डोक्यात. तो माणूस म्हणजे वासूअण्णा. सगळी हयात त्याच खोलीत काढून तो नुकताच निवृत्त झाला होता आणि त्याच्याच जागेवर रेश्मा आली होती.

तिने ओढणी खोचली. तालुक्यातली सगळी पुस्तकं एका संगणकात आणायची आणि प्रत्येकाची नोंद एकाच पद्धतीने करायची, असा वरून हुकूम होता. लेखक, नाव, विषय, भाषा, पुस्तक कधी आलं, ज्याला त्याला आपला रकाना. ऐकायला हे रुक्ष वाटतं, पण रेश्माचा त्यात जीव रमायचा. कन्नड पुस्तकावर लेखकाची आद्याक्षरं आधी, मराठी पुस्तकावर आडनाव शेवटी, त्यामुळे जुन्या यादीत एकाच लेखकाची तीन माणसं होऊन बसली होती. रेश्मा त्या तिघांना धरून एक करायची आणि भांडून वेगळी झालेली चूल परत एक केल्यासारखी खूश व्हायची. तुम्ही 'भात' टाइप करा नाहीतर कन्नडात 'भत्त' करा, भातशेतीची सगळी पुस्तकं पुढ्यात यायची. वर्षभरात तिने त्या खोलीचं सोनं केलं. धारवाडच्या सरांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती.

पण धारवाडचे सर इथे कुठले? इथे पाठ थोपटायची ती गावच्या लोकांनी, आणि लोक बसमधून उतरले की आधी गुणाच्या हॉटेलबाहेरच्या बाकाकडे जायचे. बाकावर वासूअण्णा बसलेला असायचा, धुतलेला पांढरा शर्ट, कपाळावर गंध.

"अण्णा, पोरास्नी वाचाय कायतरी सांग की."

"निळ्या पुठ्ठ्याचं घे. खिडकीखालच्या फळीवर हाय बघ."

मग तो माणूस रस्ता ओलांडून यायचा आणि खिडकीखाली वाकून शोधत बसायचा. खिडकीखाली रेश्माने केव्हाच कन्नड नाटकं लावली होती.

"काय हवंय? मला विचारा ना, लगेच काढून देते."

"ऱ्हाऊ दे बाय, अण्णानं सांगितलंय."

शेवटी दमून तो टेबलाशी यायचा. रेश्मा दोन शब्द टाइप करून पोरांजोगं पुस्तक त्याच्या हातात ठेवायची. आणि हा गडी बाहेर पडून भर रस्त्यातून ओरडायचा, "गावलं बघ अण्णा, तू सांगितल्यालंच!"

रेश्माच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रात्रंदिवस खपायचं हिने आणि आयत्या बिळावर नागोबा तो! त्यातून म्हातारा रोज सकाळी ग्रंथालयात येऊन बसायचा, नवी आलेली पुस्तकं चाळायचा. तिला तो 'तंगी' म्हणायचा. इकडच्या कन्नड बोलीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, पण रेश्माला त्यात माया दिसत नव्हती. कारण उठताना तो रोज एकच प्रश्न विचारायचा, "तंगी, ही फळी कुणी हलिवली गे?"

"मी हलवली, अण्णा. वर्ष झालं."

"असं व्हय," म्हणून तो जायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुद्दाम टोमणा मारायला येतो मेला, असं रेश्माने ठरवून टाकलं होतं. घरी जेवताना ती अण्णाच्या नावाने एवढी बोटं मोडायची की एकदा बाप म्हणाला, "अगं, सवतीबद्दलसुद्धा कुणी एवढं बोलत न्हाई."

सगळ्या वाचकांत रेश्माचा जीव अडकला होता तो दिग्गी गावच्या फुलाक्कावर. पन्नाशीची बाई, बाजाराच्या दिवशी रानातले कंद विकायला यायची आणि जाताना पुस्तक न्यायची. सावकाश वाचायची, पण वाचलेलं सगळं तिला सांगता यायचं. बाकीचे गेले खड्ड्यात, ही एक बाई आपल्याला येऊन विचारू दे, एवढंच रेश्माचं मागणं होतं.

आणि एका बाजाराला फुलाक्का खरंच बाकाकडे न वळता थेट टेबलाशी आली.

"बाय, आमच्या घरच्यानं शेवटाला न्हेल्यालं पुस्तक कुठलं, ते तुझ्या मशीनमदी गावंल काय?"

तिचा नवरा येसू वारून दोन वर्षं झाली होती. भात पिकलं की रानडुकरं राखायला तो शेतातल्या माळ्यावर बसायचा आणि जागं राहायला पुस्तक वाचायचा. तेच पुस्तक फुलाक्काला एकदा वाचायचं होतं.

रेश्माने लगबगीने कळफलक पुढे ओढला. पण शोधणार कुठे? पुस्तकाबद्दल जगातली प्रत्येक गोष्ट लिहायला रकाना होता, ते कुणी वाचलं याला नव्हता. पुस्तक परत आलं की नेणाऱ्याचं नाव पुसलं जायचं. कुणी काय वाचलं ही ज्याची त्याची गोष्ट, हा नियम तिने स्वतः अभिमानाने चालू केला होता. आणि अण्णाच्या काळात पुस्तक लिहिलेलं एकाच्या नावावर, वाचून व्हायचं तीन घरांत.

"त्याची नोंद नाही, फुलाक्का."

"बरं," म्हणून फुलाक्का समोरच्या बाकाकडे गेली. थोड्या वेळाने परत आली ती तोंडभर हसत. "मधमाश्यांचं! अण्णा म्हणतंय, त्येच न्हेल्यालं. आन् बरोबरच हाय की, आमचं माणूस मधापायी सगळं रान हिंडायचं."

रेश्माने मधमाशीपालनाचं पुस्तक मुकाट्याने काढून दिलं. फुलाक्का गेल्यावर तिने सहज त्या पुस्तकाची नोंद उघडली आणि ताडकन सरळ बसली. पुस्तक आलं होतं मागच्या दिवाळीत. तिनेच नोंदवलं होतं. येसू वारल्यानंतर वर्षभराने आलेलं पुस्तक येसू नेणार कसा? म्हाताऱ्याने थाप मारली होती. आठच दिवसांपूर्वी त्याने ते इथे बसून चाळलं होतं, आणि तेच ठोकून दिलं होतं.

पुढच्या बाजारापर्यंत रेश्मा हवेत होती. भाजी चिरताना, बसमध्ये, अंथरुणात, एकच वाक्य ती मनात घोळवत होती.

बाजाराच्या दिवशी बाकाभोवती माणसं जमली होती. फुलाक्काही पुस्तक छातीशी धरून उभी होती. रेश्माने रस्ता ओलांडला. नोकरीला लागल्यापासून त्या बाकाकडे ती पहिल्यांदाच गेली.

"अण्णा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही फुलाक्कांना सांगितलेलं पुस्तक येसूभाऊ वारल्यावर वर्षाने आलंय. नोंद आहे माझ्याकडे."

अण्णाने तिच्याकडे पाहिलं, मग फुलाक्काकडे. त्याचा चेहरा पार उतरला.

"येसू वारला? कवा गे, फुला?"

गुणा चहाचा पेला हातात धरून तसाच उभा राहिला. फुलाक्का बाकावर त्याच्या शेजारी बसली. "झालं लई दिस, अण्णा. तुला सांगायचं मीच इसरले. तू चा पी बघू."

मग ती उठून रेश्माच्या मागोमाग ग्रंथालयात आली.

"अण्णांना काही आठवत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?" रेश्माने विचारलं.

"समद्यास्नी ठावं हाय. त्येची बायकू मागंच गेली, ल्योक गोव्यात. आमी इचारतो म्हणून सकाळच्याला न्हाऊन, कापडं घालून हितं येतंय. न्हाई इचारलं तर उठंल तरी कशाला? पुस्तक तूच देतीस, ते काय आमास्नी कळत न्हाई? आमाला वाटलं, तुलाबी त्येचं ठावं असंल. रोज सकाळचं तुझ्यापाशीच बसायचं की."

रेश्माला ती हलवलेली फळी आठवली. रोज विचारलेली. तिची मान वर होईना.

"पण मग येसूभाऊंचं पुस्तक... तुम्ही त्यांना कशाला विचारलंत?"

"म्हटलं, येसूचं तरी ऱ्हायलं असंल अण्णाच्या ध्यानात. आन् त्येनं नाव घेतल्यावर मी खरं-खोटं करत बसले न्हाई. रोज दोन-दोन पानं वाचली. ह्येच्यावरनं येसूचं बोट फिरल्यालं, असं वाटायचं." फुलाक्काने पुस्तक टेबलावर ठेवलं. "घे. आता ते नुसतं मधमाश्यांचं हाय."

दुसरं पुस्तक न मागता ती गेली. रेश्माने परतीची नोंद केली आणि फुलाक्काचं नाव नियमाप्रमाणे पुसलं गेलं. ती रडली. स्वतःची तिला किळस आली.

तेवढ्यात समोर बस थांबली. बाजारकुणंग गावचा एक माणूस उतरला, बाकापाशी जाऊन वाकला आणि त्याने काहीतरी विचारलं. अण्णाने ग्रंथालयाच्या खिडकीकडे ठामपणे हात केला. माणूस आत आला.

"काय सांगितलं अण्णांनी?" डोळे पुसत रेश्माने विचारलं.

"लाल पुठ्ठ्याचं. खिडकीखाली हाय म्हणं."

तिने कपाटातून लाल पुठ्ठ्याचं एक बरंसं पुस्तक काढलं, खिडकीखालच्या फळीवर नाटकांच्या मध्ये सरकवलं आणि बाजूला झाली. "बघा, तिथंच असेल."

"गावलं बघ अण्णा!" तो रस्त्यातूनच ओरडला, आणि अण्णाचा चेहरा पुन्हा फुलला.

रेश्माला आजही ते सोसलं नाही. एक दिवस आपल्यालाही काही आठवणार नाही, तेव्हा आपल्याला विचारायला कोण रस्ता ओलांडून येईल? तिला एकही नाव सुचेना. बाकावरच्या त्या माणसाचा तिला एवढा हेवा आजवर कधी वाटला नव्हता.