दिवसातून चार वेळा

माझी मुलगी लोकसभा ऐकत झोपायची. हसू नका, खरंच सांगतेय. बाळंतपणाच्या रजेत मी जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत दिवसभर तिला मांडीवर घेऊन बसायचे. मालिका लावली की त्यातल्या संगीताने ती दचकून उठायची. एकदा रिमोटवर चुकून बोट पडलं आणि संसदेचं चॅनल लागलं. कोणी मंत्री एका सुरात उत्तर वाचत होते. पोरगी बघता बघता गाढ. तेव्हापासून अधिवेशन चालू असलं की आमच्याकडे रोज सकाळी संसद.

ती झोपली तरी मी जागीच ना. ऐकता ऐकता कळलं, सुरुवातीचा तास प्रश्नांचा असतो. कुठल्याशा लांबच्या गावच्या खासदाराने विचारलं, आमच्या स्टेशनवरचं बायकांचं संडास बंद का आहे? आणि देशाचा मंत्री उठून उभा राहिला, कागद चाळले आणि त्या संडासाबद्दल बोलला. मी सासूबाईंना हाक मारली. त्या कुळीथ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे? उघडल्यानी काय ता?"

ते काही मंत्र्याने सांगितलं नव्हतं.

रजा संपली आणि मी मरोळला कामावर गेले. आमच्या कारखान्यात विजेची बटणं बनतात, मी तपासणीच्या टेबलावर असते. इकडे पोरगी बाटली तोंडाला लावू देईना. सासूबाई चमच्याने पाजायच्या, ती थुंकून टाकायची. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत रडून रडून तिचा आवाज बसलेला असायचा. आणि कारखान्यात माझा ड्रेस भिजायचा. बाथरूममध्ये जाऊन मी दूध पिळून बेसिनमध्ये टाकायचे, वरून नळ सोडायचे. माझं लेकरू तिकडे उपाशी आणि त्याचं दूध मरोळच्या गटारात. रडू नाही यायचं मला, राग यायचा.

घरातले, शेजारचे, सगळे एकच सांगत होते, नोकरी सोड. का सोडू? ती माझ्या हिमतीवर मिळवली होती. आणि बाईने एकदा सोडली की परत कोण दारात उभं करतंय? मला नोकरीही हवी होती आणि लेकराला पाजायचंही होतं. यात जास्त काय मागितलं मी?

कायदा होता. त्याच चॅनलवर एक बाई खासदार त्यावर तावातावाने बोलताना मी ऐकलं होतं. मग मोबाइलवर शोधून वाचलाही. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं. आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं. चार वेळा. कुणीतरी दिल्लीत बसून मोजलं होतं की लेकराला भूक किती वेळा लागते.

मी आमच्या साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "आमची माणसं पन्नास भरतच नाहीत, ताई. बाकीच्या बाया कंत्राटदाराच्या. त्या मोजायच्या नसतात." मी म्हटलं, कायदा आहे साहेब. ते हसले. "कायदा दिल्लीला आहे. मरोळला मी आहे."

आमच्या टेबलावर एक धाकटी मुलगी होती, कंत्राटावरची, नुकतेच दिवस गेलेली. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर नको गं. मला तर उद्या येऊ नको म्हणतील." तिचं खरं होतं. पण तिच्याकडे बघून माझा हट्ट अजून वाढला. मी काय, माझं कसंतरी निभेल. हिला तर मोजायलाच कोणी तयार नाही.

रविवारी मी खासदारांच्या ऑफिसला गेले, अंधेरीला. रांगेत माझ्या पुढे सोसायटीवाले होते, त्यांना पेव्हर ब्लॉक हवे होते. एक काका गणपतीला गावी जायचं तिकीट कन्फर्म करून घ्यायला आलेले. एका बापाला शाळेत ॲडमिशन हवी होती. माझा नंबर आला. टेबलावरच्या मदतनिसाने मान वर न करता विचारलं, "बोला ताई, काय काम?"

"प्रश्न विचारायचाय."

"विचारा ना."

"तुम्हाला नाही. साहेबांनी संसदेत विचारायचाय."

त्याने आता मान वर केली. मी सगळं सांगितलं. तो चांगला माणूस होता, म्हणाला, "कशाला एवढी लांब जाताय? साहेबांचं एक पत्र देतो तुमच्या मालकाला. होऊन जाईल काम."

क्षणभर वाटलं, घ्यावं पत्र. पोरगी घरी रडत होती. पण पत्राने मला एकटीला सूट मिळाली असती, तीही उपकार म्हणून. उद्या खासदार बदलला की ती गेली. आणि त्या धाकटीला काय, तिच्यासाठी परत एक पत्र? मी म्हटलं, "पत्र नको, दादा. प्रश्नच हवा."

आतून खासदार बाहेर आले. त्यांना गंमत वाटली असावी. उभ्या उभ्या म्हणाले, "ताई, लोक माझ्याकडे गटार मागतात, बाक मागतात. प्रश्न मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पण प्रश्नाने पाळणाघर उघडत नाही. कायदा आम्ही करतो, राबवायचा राज्याच्या कामगार खात्याने. संसदेला तुमच्या साहेबांच्या कॉलरला हात नाही घालता येत."

"कॉलर नकोय मला," मी म्हटलं. "मंत्र्याकडून एवढंच लिहून घ्या, की कंत्राटी बाई मोजायची की नाही. बाकी आम्ही बघून घेऊ."

ते मदतनिसाला म्हणाले, "लिहून घे रे." आणि मला बजावलं, की प्रश्न पाठवला तरी लागेलच असं नाही. खूप खासदार पाठवतात, मग चिठ्ठ्या काढल्यासारखे नंबर निघतात. म्हणजे आमच्या भिशीसारखंच की. मी भिशीत कायम शेवटी लागणारी बाई, मला थांबायची सवय होती.

त्या अधिवेशनात नंबर लागला नाही. मी दर रविवारी जातच राहिले. मदतनीस मला लांबून बघूनच मान हलवायचा. अधिवेशन संपलं, पुढचं सुरू व्हायला महिने गेले, आणि त्या महिन्यांत माझं दूध आटलं. एक दिवस ड्रेस कोरडाच राहिला. बाथरूमला जायची गरजच पडली नाही. त्या दिवशी मात्र मी रडले, नळ न सोडता. पोरगी एव्हाना भाताची पेज खायला लागली होती. सासूबाई म्हणाल्या, "आता कित्याक जातंस थंय? तुझा काम झाला." मी म्हटलं, आई, माझं काम झालेलं नाही.

पुढच्या अधिवेशनात उत्तर आलं, लेखी. मदतनिसाने स्वतः फोन करून सांगितलं. तीन भाग होते. पहिल्यात सरळ लिहिलेलं, कंत्राटदारामार्फत कामाला असलेल्या स्त्रियाही धरायच्या. दुसऱ्यात, अंमलबजावणी राज्याची. आणि तिसऱ्यात, अशी पाळणाघरं किती ठिकाणी आहेत याची माहिती केंद्राकडे नाही. तिसरं वाचून माझं डोकं फिरलं. पण पहिला भाग घेऊन आम्ही बाया साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी दोनदा वाचलं. हसले नाहीत. तरी उघडलं काहीच नाही. मग तेच उत्तर जोडून कामगार खात्यात तक्रार, तिथल्या खेपा, शेवटी एकदाचा इन्स्पेक्टर आला. त्यानंतर कुठे जुन्या स्टोअरची खोली रिकामी झाली, रंग लागला, दोन पाळणे आले, एक मावशी नेमली.

खासदारांच्या ऑफिसमधून फोन आला, फीत कापायला साहेब येऊ शकतील. मी म्हटलं, जरूर या. पण आधी त्या तिसऱ्या भागावर परत प्रश्न टाका. माहिती नाही म्हणजे काय?

पहिल्या दिवशी पाळणाघरात एकच बाळ होतं, त्या धाकटीचं. माझी मुलगी तोवर घरभर चालायला लागली होती. दूध पाजायची वेळ झाली. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येत होतं. धाकटी खाली मान घालून बटणं तपासत बसली होती. सुपरवायझर बाई समोर उभ्या. कायदा होता, उत्तर होतं, खोली होती, पाळणा होता. आणि तिला खुर्चीवरून उठवत नव्हतं.

मी उठले. सुपरवायझर म्हणाल्या, "तू कुठे? तुझं कोण आहे तिकडे?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "चल गं."

ती उठली. त्या दिवशी आम्ही दोघी चारही वेळा गेलो. ती पाजायची आणि मी दाराला पाठ लावून बसायचे.