पडद्यावरच्या सोसायटीतलं एक घर
"आई, यात आपल्यासारखं घर नाहीच," माझ्या मागे बसलेली लहान मुलगी कुजबुजली. विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला ती आठवते. कोथरूडच्या आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत मुलांच्या मालिकेचा कच्चा एपिसोड आम्ही आधी काही कुटुंबांना दाखवायचो. त्या दिवशीच्या एपिसोडमधल्या सोसायटीची सगळी घरं मीच काढली होती, आणि प्रत्येक घरात देव्हाराच होता. "गप्प बस गं," आई दबक्या आवाजात म्हणाली. दिग्दर्शकांनी त्या आईला विचारलं, "काही बदल सुचवायचाय का?" मी मागे वळून पाहिलं. ती नुसतीच हसली. "नाही, छान आहे." ते हसू मी ओळखलं, शाळेत, ऑफिसात मीही तसंच हसत आले होते. मी हात वर केला. "सर, एका घरात बुद्धमूर्ती आणि तिच्यापुढे मेणबत्ती हवी. आमच्या घरी असते तशी."