कापसात निजलेली बदकं

आमच्या बचत गटाची मीटिंग आजवर एकदाही वेळेवर संपलेली नाही. कामाचं बोलणं चटकन उरकतं, मग बदकांचे किस्से सुरू होतात! आर्णीजवळच्या आमच्या गावात कापसाची पार वाट लागली, त्या वर्षांत आम्ही बायकांनी बदकं पाळायला घेतली. खाकी कॅम्पबेल, पांढरी पेकिन, मस्कोव्ही, सगळ्या जातींची अंडी एकदमच आणली. अनुभव शून्य, हौस भारी!

*

पहिली पिल्लं निघाली आणि आमच्या अध्यक्ष वच्छलाबाईंनी बाळंतिणीची खोलीच मांडली. एकेकाला कोमट पाण्यानं आंघोळ! पिल्लं थरथरा कापायला लागली. जनावरांचे डॉक्टर ओरडले, "एवढ्या लहान पिल्लांना भिजवायचं नसतं!"

"काय सांगता! बदकाचं लेकरू पाण्याले भेते काय?"

बोलता बोलता बाईंनी सगळी पिल्लं पदरात घेतली आणि चुलीपुढे बसल्या. सगळी वाचली.

*

लाइट गेली की अंडी उबवायचं मशीन गार पडायचं. भाव नाही म्हणून कापूस घरातच पडून होता. मग अंडी त्यातच दडपून ठेवायचो. एकदा व्यापारी दारात आला, "कापूस काढायचा का, बाई?"

वच्छलाबाई दारात आडव्या. "हळू बोला जी! आत लेकरं निजली हायेत!"

*

काही अंडी कोंबडीखाली उबवली होती. पिल्लं मोठी झाली आणि एक दिवस सरळ पाण्याच्या टाक्यात उतरली. कोंबडी काठावर जिवाच्या आकांतानं ओरडत होती. वच्छलाबाईंची दोन्ही मुलं पुण्याला असतात. त्या कोंबडीजवळ बसल्या.

"उगी बाई. माह्ये बी असेच गेले. येते त्यायले पोहता."

*

आणि आमच्या गटातल्या रेखाचा नवरा, गजानन. सलग दोन हंगाम अळीनं खाल्ले, तेव्हापासून तो बोलेनासाच झाला होता. घराबाहेरही पडायचा नाही. "मले फक्त त्यायचा आवाज आयकाचा हाय, ताई," रेखा म्हणायची.

खाकी निघाली, पेकिन निघाली, रेखाच्या घरी ठेवलेली मस्कोव्हीची अंडी तशीच. खराब झाली म्हणून आम्ही फेकायला निघालो, तर गजाननानं टोपली घट्ट धरून ठेवली. मस्कोव्हीला आठवडाभर जास्त लागतो हे आम्हाला कुठे ठाऊक! त्यालाही नव्हतं. पण टोपलीत कापूस दडपून तो तिच्याजवळून हलला नाही.

अंडी फुटली. पिल्लांनी डोळे उघडून पहिला पाहिला तो गजानन. झालं! तो मोरीत गेला तरी पिल्लं मागे!

एका सकाळी त्यांच्यासाठी गोगलगाई शोधायला तो नाल्याकडे निघाला. मागे पिल्लांची रांग. रेखा दारातून बघत होती. पारावरच्या म्हाताऱ्यांनी हाक मारली, "काहून गा गजानन, आज इकडं कसा?"

गजानन थांबला. रांगही थांबली. त्यानं मागे वळून पाहिलं.

"काय करू, काका," तो म्हणाला, "एकटं बसूच नाही देऊन राह्यले हे मले!"