पूजेतले वायपर

आमच्या अप्पांनी गाडी जेवढा वेळ चालवली, त्याहून जास्त वेळ तिचे वायपर काढण्यात आणि बसवण्यात घालवला. मी असं म्हटलं की आई हसते, पण खोडून काढत नाही.

गाडी पांढरी, लहान आणि दुसऱ्याने वापरलेली. घेतली त्याच महिन्यात मोठ्या देवळासमोरून तिचे दोन्ही वायपर चोरीला गेले. तंजावुरात तेव्हा ही चोरी नेहमीचीच होती. लोक हळहळले आणि विसरले. अप्पा मात्र दुधाने तोंड पोळलेले. त्या दिवसापासून गाडी उभी केली की ते खाली उतरत, क्लिप दाबत, पट्टी सरकवून आकड्यातून सोडवत, मग दुसरी. दोन्ही जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, फडक्यात गुंडाळून पिवळ्या पिशवीत. लग्नात नारळ घालून देतात ना, ती कापडी पिशवी. ती घेऊन ते बँकेत जात, किराणा दुकानात जात, साडीच्या दुकानातही पिशवी मांडीवर घेऊन बसत. निघताना पुन्हा सगळं उलट. आभाळात ढगाचा ठिपका नसला तरी.

माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी. रस्त्यात उभी राहून मी चुळबुळत असे. "लौकर चला हो, अप्पा!" ते मान वर न करता म्हणत, "आलों, आलों." त्या 'आलों'ने माझ्या डोक्यात तिडीक जाई.

कॉम्प्युटरचा कोर्स करून मला मद्रासला नोकरी लागली. तेव्हा रोज कुठेतरी नवीन कंपनी उघडत होती, तशीच एक. मालकाने ऑफिसचा मुहूर्त विजयादशमीच्या सकाळचा धरला होता आणि बजावलं होतं, की त्या पूजेला जो हजर नसेल त्याची जागा दुसऱ्याला. म्हणजे मला आदल्या संध्याकाळची आगगाडी पकडायलाच हवी होती, ऐन आयुधपूजेच्या दिवशी.

अप्पांना ते पटलं नाही. "दसऱ्याला सीमा ओलांडतात," ते म्हणाले, "आदल्या दिवशी नव्हे." राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मुली शिकत, शिक्षिका होत आणि गावातच राहत. मला तिथे एक आठवडाही राहवत नव्हतं.

आयुधपूजेला आमच्या घरी पुस्तकं, पेनं, कात्री, विळी, पान्हे, सगळं देवीसमोर मांडतात. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशीच्या पुनर्पूजेपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. भाज्यासुद्धा आई आधीच चिरून ठेवते. त्या सकाळी गाडीला चंदनकुंकू लागलं, चाकांखाली लिंबं चिरडली. मी बॅग भरत होते. देवघरात काय काय मांडलंय याकडे माझं लक्ष नव्हतं.

दुपारी चारला पाऊस आला. ऐप्पसी महिन्यातला आमचा पाऊस, एकदा बसला की उठायचं नाव न घेणारा. गल्लीत पाणी चढलं. ऑटोवाले ऑटोला हार घालून घरी बसले होते. भरवसा आमच्या गाडीचाच. मी छत्री घेऊन बाहेर डोकावले, तर काचेवर नुसते दोन लोखंडी दांडे.

"अप्पा, वायपर कुठे?"

"पूजेला ठेवलेत," अप्पा म्हणाले. "गाडी आत येत नाही. तिचं आयुध म्हणून तेवढंच ठेवलं."

"काढा मग!"

"देवीसमोर ठेवलेलं काढूं नये. पाऊस थांबेल आत्तां."

पाऊस थांबला नाही. मी ओसरीवरून आत, आतून ओसरीवर. भिंतीवरचं घड्याळ आणि मी, दोघंच चालत होतो. पाच वाजले तेव्हा माझा तोल गेला. "पाऊस येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. मी जाऊ नये म्हणूनच ठेवलेत!"

आई म्हणाली, "असं बोलूं नये ग."

अप्पा माझ्याकडे वळले. "तूं जावं असं मज वाटत नाही," ते म्हणाले. "ते खरं. पण त्यासाठी देवीला मधे घालणार नाही मी."

ते देवघरात गेले. हात जोडले, पुस्तकांची चळत थोडी सरकवली आणि वायपर उचलले. आईने डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत आमच्या घरी असं कोणी केलं नव्हतं. पावसात उभं राहून त्यांनी ते बसवले. रोजचं काम, पण त्या दिवशी क्लिप बसेना.

गाडी सुरू झाली आणि वायपरवरचं कुंकू काचेवर पसरलं. समोर सगळं लाल, मग गुलाबी, मग रस्ता दिसला. वाटेत मी सारखी मनगटावरचं घड्याळ बघत होते.

स्टेशनासमोर गाडी थांबली तेव्हा आतून शिट्टी ऐकू आली. अप्पा उतरले आणि सवयीने त्यांचा हात काचेकडे गेला. मी ओरडले, "अप्पा!" त्यांनी हात मागे घेतला, माझी बॅग उचलली आणि पळत सुटले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. डब्यात बॅग ढकलून ते म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." गाडी हलली.

पोंगलला मी घरी आले. दारात गाडी उभी होती, तिच्यावर नवे वायपर होते आणि चक्क काचेवरच. अप्पा नुकतेच कावेरीपलीकडे तिरुवैयारूला शेतावर गेले होते, बसने. मी आईला विचारलं.

"त्या दिवशी तुज सोडून बाहेर आले, तर दोन्ही गेलेले," आई म्हणाली. "गाडी तिथेच सोडून भिजत चालत आले. तिज सांगूं नको म्हणाले. दसऱ्याला घरातल्या अस्क्यांनी आपापली वस्तू उचलली. हे रिकामी पिशवी घेऊन बसले."

"आणि आता काढत नाहीत? चोरीची भीती गेली?"

"भीती कुठली जाते. रात्री दोनदा उठून बघतात, बाहेर उभी करायला नको म्हणून शेतावर बसने जातात. पण काढत नाहीत. तूं टेसनावरून कधीही फोन करशील, काढून ठेवले तर निघायला उशीर होईल, म्हणतात."

मी त्या सकाळी घरी येताना स्टेशनावरून फोन केला नव्हता. अप्पांची वाट कोण बघत बसणार, म्हणून ऑटो करून आले होते.