माव्याची खपली

बोकडाचं नाव ठेवायचं नाही, हा अम्मीचा नियम होता. नाव ठेवलं की ईदच्या दिवशी जीव अडकतो, असं ती म्हणायची. म्हणून गेल्या पावसाळ्यात तिने स्वतः निवडून आणलेलं काळं करडू आमच्याकडे वाढून चांगला दांडगा बोकड झालं, तरी बिननावाचंच राहिलं. बाटलीने दूध पाजून तिनेच त्याला जगवलं होतं. ‘येत्या ईदला माझ्याकडून हाच,’ असं तिने पहिल्याच दिवशी घरात सांगून टाकलं होतं. हिवाळ्यात अम्मी गेली. बोकड राहिला.

नाना पेठेतल्या आमच्या तळमजल्याच्या घरामागे एक चिंचोळं अंगण आहे. अम्मी गेल्यावर अब्बा दिवसभर तिथेच स्टूल टाकून बसायला लागले. बाइंडिंगचं दुकान त्यांनी आधीच बंद केलं होतं. आयुष्यभर लोकांची पुस्तकं शिवलेल्या हातांना आता काही काम नव्हतं, मग ते हात बोकडाला लसूणघास भरवायचे. मी हिंजवडीहून कंपनीच्या बसने धक्के खात घरी यायचे तेव्हा अब्बा मला ‘आलीस?’ एवढंच विचारायचे. दिवसभरात काय झालं, भाजीवाल्याने कसं फसवलं, गुडघा कुठे दुखतोय, हे सगळं बोकडाला सांगून झालेलं असायचं. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

ईदला दीड महिना होता तेव्हा मामांनी बाजारातून घेतलेले दोन बोकड एका रात्रीपुरते आमच्या अंगणात बांधले. ते गेले, आणि काही दिवसांनी आमच्या बोकडाच्या ओठांच्या कडेला पुरळ उठलं. बघता बघता त्याच्या जाड, काळपट खपल्या झाल्या. घास तोंडाशी नेला की तो मान फिरवायचा. भूक होती, पण चावता येत नव्हतं.

अब्बांनी मग त्यांची आई शेळ्यांना करायची तेच केलं. मीठ आणि हळद लिंबाच्या रसात कालवली आणि उघड्या अंगठ्याने चोळून चोळून खपल्या काढल्या. रक्त आलं. बोकड ओरडला. ‘खपली निघाली की बरं होतं,’ अब्बा म्हणाले.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी बोकडाचं तोंड बघितलं, मग अब्बांचा हात.

‘काय लावलंत आजोबा?’

‘मीठ, हळद, लिंबू.’

‘लोणचं घालायचा विचार होता का?’

मग मात्र त्यांनी नीट समजावून सांगितलं. याला मावा म्हणतात. विषाणूचा आजार, शेळ्यामेंढ्यांत एकाचा दुसऱ्याला होतो, आणि हाताला चीर असली तर माणसालाही होतो. खपली ओढायची नाही. ती आपण होऊन पडते, तीन-चार आठवडे जातात. अब्बांचा अंगठा बाइंडिंगच्या सुऱ्या आणि खळ यांनी वर्षानुवर्षं भेगाळलेला. त्यावर आठवड्याभरात लाल फोड उठला आणि सुजून टप्पोरा झाला. डॉक्टरांनी त्यांना बोकडाला हात लावायलाच बंदी केली.

मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, जनावर उघड आजारी असेल तर कुर्बानीला चालत नाही. ईदच्या आत बरं झालं, तर चालेल.

म्हणजे आता सगळं त्या खपल्यांवर येऊन ठेपलं होतं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही त्यांना काकू म्हणतो. कांदासुद्धा चातुर्मासात न खाणाऱ्या काकू बोकडासाठी मेथीच्या काड्या मात्र आठवणीने खाली टाकायच्या. त्यांनी गॅलरीतून बघून म्हटलं, ‘आजारपण लाभलं म्हणायचं याला.’

घरात आम्ही दखनी बोलतो, पण रागवायचं असलं की अब्बा मराठीत रागावतात. दुकानातली सवय. ‘काकू, तो माझा नाहीये,’ ते म्हणाले. ‘माझ्या बायकोने तो देऊन टाकलाय. मी नुसता सांभाळतोय.’ काकूंनी हातातल्या मेथीच्या काड्या खाली टाकल्या आणि त्या आत गेल्या.

बोकडाचं सगळं माझ्याकडे आलं. ऑफिसला जायच्या आधी हातमोजे घालायचे, औषधाच्या पाण्याने तोंड धुवायचं, बोरोग्लिसरीन लावायचं, बाजरीची पातळ पेज पाजायची. सुरुवातीला तो मला ढुशा द्यायचा. मग मला बघितलं की आपणहून हनुवटी वर करायला लागला. अब्बा लांब स्टुलावर, दुखरा हात मांडीवर ठेवून बसायचे आणि रोज विचारायचे, ‘आहे खपली?’

‘आहे.’

‘हं.’

त्या ‘हं’मध्ये काय होतं, ते मला कळत होतं. अम्मीची शेवटची इच्छा पुरी व्हायला हवी होती, आणि अम्मीने वाढवलेलं एवढं एक जे उरलं होतं, तेही राहायला हवं होतं. मलाही दोन्ही हवं होतं. पण जखम समोर दिसत असताना औषध कमी कसं लावायचं? मी लावत राहिले, आणि मनात स्वतःवरच चिडत राहिले.

ईद तोंडावर आली आणि शेवटची खपली पडली. खाली कोवळी, गुलाबी कातडी होती. ‘अब्बा, पडली,’ मी म्हटलं. माझा आवाज मलाच आवडला नाही.

अब्बा उठून आले. बऱ्या हाताने त्याचं तोंड उजेडाकडे वळवून त्यांनी ओठाची कड न् कड तपासली.

‘डाग?’

‘नाही.’

‘कुठेच नाही?’

‘नाही, अब्बा.’

त्यांनी लसूणघासाची एक काडी पुढे केली. बोकडाने ती कुरकुर चावून खाल्ली आणि आणखी मागितली. अब्बा आत गेले, नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

दरवर्षी सुरी अब्बा स्वतः धरायचे. या वर्षी अंगठ्याला पट्टी होती, मूठ वळत नव्हती, म्हणून कसायाला बोलावलं. अब्बा बोकडाजवळ बसले. ही कुर्बानी अम्मीकडून, असं म्हणून तिचं नाव घेतलं. मी जवळ गेले, तर त्याला वाटलं औषध लावायची वेळ झाली. त्याने आपणहून हनुवटी वर केली.

मी आत पळाले. काकूंनी त्या दिवशी गॅलरीचं दार उघडलं नाही.

अब्बांचा अंगठा बरा व्हायला पुढे पुष्कळ दिवस लागले. शेवटच्या खेपेला आमच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, अंगठा दिव्याखाली धरला आणि खूश होऊन म्हणाले, ‘बघा आजोबा, डागसुद्धा राहिला नाही.’

‘एवढा तरी राहायला हवा होता,’ अब्बा म्हणाले.

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी अब्बांना धरून दवाखान्याच्या जिन्यावरून खाली आणलं. अंगठा त्यांनी मुठीत मिटून घेतला होता, तो घरी येईपर्यंत उघडला नाही.